सैरंध्रीची फिर्याद

गेल्या पुरीमला आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये मेगिल्ला वाचून झाल्यावर मुलांनी एक नाटुकले केले. हामानाचे नाव आले की खुळखुळे वाजवायचे आणि पाय आपटायचे एवढेच त्यांना ठाऊक, त्यामुळे नाटकापेक्षा गलकाच अधिक झाला. घरी परतताना नऊ वर्षांच्या नातीने मला विचारले, "आजी, एवढ्या मोठ्या मेगिल्ल्यात देवाचे नाव एकदासुद्धा का नाही?"

हाच प्रश्न तिच्याच वयाची असताना मी माझ्या आजोबांना विचारला होता. आमच्या घरातली म्हातारी माणसे त्या काळीही पुरीम म्हणत नसत, 'होळीचा सण' म्हणत. आजोबा म्हणाले होते, "अगं, तो कागद राजाच्या दफ्तरातून जायचा होता. ज्याला कळायचे त्याला नाव न लिहिताही कळते." आणि मग एस्तेर राणीला तिथेच सोडून त्यांनी मला 'कीचकवध' नाटकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. एस्तेर कुठे आणि कीचक कुठे, असे मला तेव्हा वाटले. त्या दोघांचा संबंध कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. आपल्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना या नाटकाचे नाव ऐकून माहीत असेल, नव्या पिढीला तेही नसेल, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आजोबांचा जन्म १८९० च्या आसपासचा. मुंबईला उमरखाडीत मामाकडे राहून ते शिकत होते, तेव्हा दोन मित्रांबरोबर सर्वांत स्वस्त तिकीट काढून त्यांनी हे नाटक पाहिले. पुढे ते टपाल खात्यात लागले आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. सरकारी नोकरीत शिरल्यावर या नाटकाचे नाव त्यांनी कित्येक वर्षे तोंडातून काढले नाही. आपल्या समाजाची त्या काळची स्थिती लक्षात घेतली म्हणजे याचे नवल वाटत नाही. पलटण, पोलीस, रेल्वे, टपाल, इस्पितळे अशा ठिकाणी आपली माणसे होती आणि घर त्या पगारावर चाले. उलट बाजूलाही आपली माणसे होती, हेही सांगितले पाहिजे. १९१६ साली लोकमान्य टिळकांवर तिसऱ्यांदा खटला झाला तेव्हा बॅरिस्टर जिना यांच्या बरोबरीने कोर्टात उभे असलेले बॅरिस्टर डेव्हिड एरूळकर आपलेच. पण पोस्टातल्या कारकुनाने काय करायचे? त्याने गप्प बसायचे, आणि नातीने मेगिल्ल्याबद्दल विचारले की कीचकाची गोष्ट सांगायची.

'कीचकवध' लिहिले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी. सांगलीचे हे गृहस्थ, जन्म १८७२ चा. डेक्कन कॉलेजात शिकले, शेक्सपिअर वाचून त्यांना नाटकाचा नाद लागला, आणि पुढे ते 'केसरी'त टिळकांचे उजवे हात झाले. दिवसा अग्रलेख आणि रात्री नाटक असा त्यांचा क्रम असावा, असे त्यांची नाटके वाचताना वाटते, कारण अग्रलेखातला मुद्दा नाटकात पात्राच्या तोंडी येतो. 'मानापमान', 'स्वयंवर' या बालगंधर्वांच्या गाजलेल्या संगीत नाटकांचे कर्तेही हेच. 'कीचकवध' मात्र त्याआधीचे, १९०७ सालचे, आणि महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले.

त्या वेळी हवा कशी होती? लॉर्ड कर्झन १८९९ पासून १९०५ पर्यंत व्हाइसरॉय होते. जाता जाता त्यांनी बंगालचे दोन तुकडे केले, आणि विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या. काँग्रेसमध्ये दोन तट पडले. मवाळ म्हणत, अर्ज करू, विनंती करू, इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवू. जहाल म्हणत, अर्ज पुष्कळ झाले. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला दोन्ही तट उघड उघड फुटले. नाटक आले तेव्हा कर्झनसाहेब विलायतेला परतून वर्ष उलटून गेले होते, पण राग काही त्यांच्याबरोबर बोटीत बसून गेला नव्हता.

आता विराटपर्वातली कथा. पांडवांना बारा वर्षांच्या वनवासानंतर एक वर्ष अज्ञातवासात काढायचे आहे. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. म्हणून ते विराट राजाच्या पदरी चाकर होऊन राहतात. युधिष्ठिर कंक नावाने राजाशी फासे खेळतो. भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात स्वयंपाकी आहे. द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची वेणीफणी करते आणि चंदन उगाळते. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती. राजा नावाचा, सत्ता कीचकाची. त्याची नजर सैरंध्रीवर पडते. ती नकार देते. राणीच तिला काही निमित्त काढून भावाच्या महालात धाडते. तिथून ती निसटते आणि धावत भर दरबारात येते. तिच्या मागोमाग कीचक येतो आणि सर्वांदेखत तिला लाथ मारतो. राजा काही करीत नाही. शेवटी भीम रात्रीच्या अंधारात कीचकाचा वध करतो.

ही कथा महाराष्ट्रातल्या बाईबाप्यांना कीर्तनातून, पुराणातून पाठ होती. खाडिलकरांनी तीत फारसा बदल न करता ती रंगमंचावर उभी केली. कर्झनचे नाव नाटकात नाही. बंगालचे नाही, काँग्रेसचे नाही. पण मदांध कीचक म्हणजे कोण, सैरंध्री म्हणजे कोण, धीर धर, मुदत संपू दे असे सांगणारा कंक म्हणजे कोण आणि मुठी आवळणारा बल्लव म्हणजे कोण, हे कोणी कोणाला सांगावे लागले नाही. आजोबा सांगत, कंकाच्या तोंडी शहाणपणाचे बोल आले की पिटातून खाकरण्याचे आवाज येत, आणि बल्लव नुसता पुढे सरसावला तरी टाळ्या. एकदा त्यांच्या शेजारी बसलेला एक हमाल रडत होता. त्याला कर्झन हे नाव तरी धड माहीत होते की नाही कोण जाणे, असे आजोबा म्हणत.

अशा लिखाणाचा सगळा जोर इथे आहे असे मला वाटते. लेखकाने अर्धे सांगायचे आणि उरलेले अर्धे प्रेक्षकाने आपल्या घरून आणायचे. संहिता वाचून सरकारी भाषांतरकाराने इंग्रजी केले तर कागदावर काय उरणार? महाभारतातली एक गोष्ट. टाळी, खाकरणे आणि थांबणे यांचे भाषांतर होत नाही. आपल्या कीर्तनांचेही असेच नव्हते काय? १८८० च्या सुमारास आपल्या मंडळींनी मराठी कीर्तनाची रीत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साक्या-दिंड्यांत बसवली. फारोच्या देशातून सुटलेल्यांची गोष्ट मराठी चालीत ऐकताना कोणाच्या मनात कोणता फारो येत असेल, ते विचारायला कोणी जात नसे.

मात्र असा वेष घेतला म्हणजे सरकार फसते, अशी कोणाची समजूत असेल तर ती खरी नाही. सरकारला कळते, फक्त जरा उशिरा. दहाच वर्षांपूर्वी, १८९७ च्या जूनमध्ये, 'केसरी'त शिवाजी महाराज परत येऊन देशाची दशा पाहून बोलत आहेत अशी कल्पना असलेली एक कविता आली होती. आठवडाभरातच पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि राजद्रोहाच्या खटल्यात ती कविता पुरावा म्हणून पुढे आली. टिळकांना दीड वर्षाची सजा झाली.

नाटकांसाठी तर सरकारने आधीच कायदा करून ठेवला होता. दीनबंधू मित्र यांनी १८६० साली 'नीलदर्पण' हे बंगाली नाटक लिहिले, त्यात निळीच्या मळ्यांचे गोरे मालक रयतेवर करीत असलेले जुलूम होते. तिथे वेष नव्हता, निळीला निळीचे आणि चाबकाला चाबकाचेच नाव होते. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग या मिशनऱ्याला १८६१ साली एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी तिथल्या तिथे भरला. पुढे युवराजांच्या भेटीच्या वेळी एका बंगाली वकिलाने त्यांना आपल्या जनानखान्यात नेले, त्याची टिंगल करणारे प्रहसन कलकत्त्यात झाले, आणि १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला. राज्याबद्दल अप्रीती वाढवणारा किंवा बदनामीकारक वाटेल तो प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही भारतात पुस्तकात राहिला. तो रद्द झाला २०१८ च्या सुरुवातीला.

'कीचकवध' दोन वर्षांहून अधिक काळ चालले. मध्यंतरी १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेले, आणि खाडिलकर 'केसरी' सांभाळू लागले. मग २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या अठराएक वर्षांच्या मुलाने गोळ्या झाडल्या. कुठे? विजयानंद थिएटरात. जॅक्सन यांची बदली झाली होती, निरोपाचा खेळ होता, आणि नाटक होते देवलांचे 'शारदा'. पैशासाठी कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्यावरचे ते नाटक. (शारदा कायदा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो १९२९ चा कायदा या नाटकावरून आला असे पुष्कळांना वाटते. तो आला हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून.) जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, मराठी नाटके आवडीने पाहत. कान्हेरे आणि त्याच्या दोन साथीदारांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाले.

जॅक्सनच्या खुनानंतर महिनाभराने, १९१० च्या जानेवारीत, 'कीचकवध'च्या प्रयोगांवर बंदी आली. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच वर्षी हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक काढले, त्यात या नाटकाची फोड करून कोणते पात्र म्हणजे कोण हे इंग्रज वाचकांना सांगितले. याच पुस्तकाबद्दल टिळकांनी पुढे विलायतेत जाऊन अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते हरले.

नाटकाने खून झाला का? हा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. ज्या थिएटरात गोळी सुटली तिथे 'शारदा' चालू होते, 'कीचकवध' नव्हे, आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात पिस्तूल नाटक देत नाही. पण अंधारात एकट्याला गाठून मारण्याच्या प्रसंगाला तीन वर्षे टाळ्या पडत होत्या, हेही खरे. मी चाळीस वर्षे जखमा बांधल्या आहेत. टेबलावर आलेला माणूस कीचक आहे की जॅक्सन हे आम्हाला विचारायचे नसते. वेष घेतलेल्या गोष्टीत हा धोका आहेच. जो तो आपापला कीचक ठरवू शकतो.

पण माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

नर्सिंगच्या होस्टेलमध्ये असताना मी दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' वाचले. त्यात द्रौपदीवर लेख आहे. तो वाचून मी मूळ विराटपर्वाचे मराठी भाषांतर मिळवले आणि कीचकाचा भाग पुन्हा वाचला. तोपर्यंत सैरंध्री म्हणजे भारतमाता हे आजोबांनी माझ्या डोक्यात इतके पक्के बसवले होते की सैरंध्री ही एक नोकरी करणारी बाई आहे हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

ती दरबारात येते ती फिर्याद घेऊन. राजा म्हणतो, तुमचे आपसांत काय झाले ते मी पाहिलेले नाही, तर न्याय कसा करू? आणि कंक, म्हणजे तिचा स्वतःचा नवरा, तिला सांगतो की तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी रडून तू दरबारातल्या खेळात व्यत्यय आणते आहेस, जा. खेळात व्यत्यय! रात्री ती मुदपाकखान्यात भीमाकडे जाते आणि त्याला आपले हात दाखवते. चंदन उगाळून उगाळून तळव्यांना घट्टे पडलेले. ते हात तोंडावर धरून भीम रडतो. संबंध महाभारतात मला याहून खरा प्रसंग दिसत नाही. भारतमातेच्या हाताला घट्टे नसतात. चाकरी करणाऱ्या बाईच्या हाताला असतात.

आणि वधानंतर काय झाले ते किती जणांना आठवते? कीचकाचे भाऊबंद तिला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला बांधून नेतात. भीम तिला सोडवतो. ती राजवाड्यात परत येते, तेव्हा राजाच्या सांगण्यावरून राणी तिला म्हणते की आम्हाला तुझी भीती वाटते, तू आता दुसरीकडे जा. फिर्याद केली तिने, लाथ खाल्ली तिने आणि नोकरीवरून काढायचे तेही तिलाच. ती तेरा दिवसांची मुदत मागते.

मी स्टाफ नर्स असताना एका इस्पितळात हे जवळजवळ असेच पाहिले आहे. पहिल्या वर्षाची एक शिकाऊ मुलगी एका वजनदार डॉक्टरांबद्दल तक्रार घेऊन आली. रात्रपाळीत जे घडले ते तिने तीन-चार जणींसमोर सांगितले. त्यात मी होते. ती खरे बोलते आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, कारण तिच्या आधीही कोणी कोणी कुजबुजले होते. वरिष्ठ म्हणाले, कोणी पाहिले आहे काय? मी तिला बाहेर व्हरांड्यात नेले आणि म्हटले, "आत्ता नको. परीक्षा होऊन जाऊ दे. वॉर्डात रडू नकोस, पेशंट बघतात." मी हे तिच्या भल्यासाठीच बोलत होते. महिन्याभरात तिची बदली झाली, आणि पुढे ती ट्रेनिंग सोडून गेली. मी नाटकात पुष्कळ वेळा कंकाला हसले होते.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की खाडिलकरांच्या नाटकाने देशावरचा अन्याय लोकांच्या काळजाला भिडवला, ते काम मोठे, त्यात शंका नाही. परंतु त्या गडबडीत जिच्यावर अन्याय झाला तीच बाई दिसेनाशी झाली. टाळ्या भीमाला मिळाल्या, रोष कर्झनवर गेला आणि दरबारात पडलेली चाकरीण नकाशातला देश होऊन बसली. शिवाय ते काम करायचा पुरुषच. त्या काळी स्त्रीची भूमिका पुरुषानेच करायची, यात खाडिलकरांचा दोष नाही.

वेष न घेता लिहिणारे होते का? होते, पण त्यांना थिएटर मिळाले नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक जोशी गरोदर शेतकरणीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, याची ती साधी गोष्ट आहे. त्यात देवादिक नाहीत, पुराण नाही. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, कमिटीने घेतले नाही. ते छापून लोकांपुढे यायला शंभरावर वर्षे लोटली. खाडिलकरांना निदान बंदी तरी मिळाली, लोकांनी नाटक आधी पाहिले होते. जोतीरावांची शेतकरीण रंगमंचावर आलीच नाही.

आणि ज्या दुर्गाबाईंनी द्रौपदीवर लिहिले त्यांनी स्वतः काय केले? १९७५ साली आणीबाणी होती. वर्तमानपत्रे तपासून घेऊन छापली जात. काही संपादक अग्रलेखाची जागा कोरी सोडत. त्या डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष दुर्गाबाई, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. रूपककथा सांगायला याहून योग्य वेळ कोणती? पण बाईंनी तिथे लेखनस्वातंत्र्याबद्दल सरळ सांगितले आणि आजारी जयप्रकाश नारायण यांना बरे वाटावे म्हणून सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. मी त्या वेळी शाळा संपवून नर्सिंगला जायच्या खटपटीत होते. घरी वडील म्हणाले, "बाई बोलली." एवढेच म्हणाले, आणि रेडिओ बंद केला. आजोबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

आपण या देशात आलो तेव्हा इथेही तीच साहेबाची पेटी आपल्या आधी येऊन पडलेली होती. इंग्रजांनी १९२७ साली पॅलेस्टाइनमध्ये नाट्यप्रयोगांच्या तपासणीचा हुकूम काढला होता, आणि इस्रायल झाल्यावरही तो चालू राहिला. १९७० साली हनोख लेविन यांच्या 'बाथटबची राणी' या नाटकाने तेल अवीवमध्ये असा गहजब झाला की कामेरी थिएटरला ते थोड्याच प्रयोगांनंतर उतरवावे लागले. तिथे बंदी सरकारची नव्हती, लोकांनीच आरडाओरडा केला. लेविननी वेष घेतला नव्हता. नाटकांची ही तपासणी अखेर १९९१ साली कायमची बंद झाली. म्हणजे भारताच्या सत्तावीस वर्षे आधी.

आपल्या समाजाने इथे काय केले तेही इतिहासाचाच भाग आहे. १९६२ नंतर रब्बिनेटच्या फतव्यामुळे आपल्या मुलामुलींची लग्ने अडू लागली, वंशावळी मागितल्या जाऊ लागल्या. आपल्या मंडळींनी त्यावर नाटक लिहिले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात ती जेरुसलेमला येऊन बसली. मराठी बोलणारी, कित्येकांना धड हिब्रू येत नव्हती अशी माणसे, बायका आणि लेकरांसह, फलक घेऊन. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांसारखेच यहुदी आहेत. ही माणसे गांधीजींच्या काळात मुंबईत वाढलेली होती. बसायचे कसे, ते त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आता पुन्हा मेगिल्ल्याकडे येते, कारण नातीला उत्तर द्यायचे राहिले आहे. देवाचे नाव लपवले हे खरे, आणि एस्तेरनेही मोर्दखयाच्या सांगण्यावरून आपली जात लपवली. आजोबांचे म्हणणे तिथवर बरोबर. पण ते गोष्ट तिथेच सोडून कीचकाकडे वळत. मेगिल्ला पुढे जाते. दुसऱ्या मेजवानीला राजा विचारतो, तुला काय हवे, तेव्हा ती राणी रूपक सांगत नाही. मला आणि माझ्या लोकांना विकले गेले आहे, असे ती सरळ म्हणते, आणि हामानाकडे बोट करते. त्याच्याही आधी वश्तीचा प्रसंग आहे. राजा दारू पिऊन तिला पाहुण्यांसमोर मिरवायला बोलावतो आणि ती येत नाही. तिचा एकही शब्द मेगिल्ल्यात नाही. तिला काढून टाकतात आणि एकशे सत्तावीस प्रांतांना पत्रे जातात की प्रत्येक पुरुषाने आपल्या घरात धनी असावे. एका बाईच्या नकाराला एवढा सरकारी कागद!

मी नातीला हे सारे सांगितले, थोडे मराठीत, पुष्कळसे माझ्या मोडक्या हिब्रूत. सैरंध्रीचेही सांगितले. तिला भीम आवडला नाही. तिने विचारले, "मग त्या बाईला नोकरी परत मिळाली का?" मी म्हटले, तिची तेरा दिवसांची मुदत संपेपर्यंत तिच्या नवऱ्यांचा अज्ञातवास संपला, तेव्हा ती पुन्हा राणी झाली. "आणि ती खरोखरची राणी नसती तर?" असे तिने विचारले. मी तिला व्हरांड्यातल्या मुलीबद्दल सांगितले नाही. ते इथे पहिल्यांदाच लिहीत आहे.

येत्या पुरीमला नातीला वश्ती व्हायचे आहे. वश्तीला बोलायला वाक्ये नाहीत, ती आपण लिहून द्यावीत असा तिचा हुकूम आहे. माझ्या लहानपणी एस्तेर राणीचे आख्यान कीर्तनात ऐकल्याचे मला आठवते, पण त्यातली वश्तीची पदे आता आठवत नाहीत. कोणा वाचकाच्या घरी आईआजीच्या पेटीत आख्यानाची जुनी वही किंवा छापील पुस्तिका असेल तर कृपा करून संपादकांकडे कळवावे. वही परत केली जाईल.